भौगोलिक कारणे द्या

२३ मार्च २०२० ही तारीख महाराष्ट्रातल्या दहावीच्या मुलांच्या एका अख्ख्या पिढीला आठवत असेल. त्या दिवशी भूगोलाचा पेपर होता. मुख्य विषयांपैकी हा एकच पेपर उरला होता. करोनाची साथ आली, पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्द झाला. सतरा लाखांहून जास्त मुलांना भूगोलाचे गुण मिळाले ते इतर विषयांतल्या गुणांच्या सरासरीने. म्हणजे मराठी, गणित, विज्ञान यांत जसे गुण, तसा भूगोल!

त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता हे मला मान्य आहे. पण ओळखीच्या घरांतून तेव्हा जे ऐकू आले, ते अजून मनात आहे. "बरं झालं, भूगोलच राहिला होता." त्यातला 'च' मला लागला. गणिताचा पेपर राहिला असता तर घरोघर चिंता पसरली असती. भूगोल राहिला म्हणून सुटकेचा नि:श्वास पडला. दहावीला सामाजिक शास्त्रांच्या शंभर गुणांत लेखी भूगोल चाळीस गुणांचा. इतिहासाच्या शेजारी अंग चोरून बसलेला. आणि अकरावीला विषय निवडायची वेळ आली की "काहीच जमत नसेल तर भूगोल घे" असा सल्ला देणारे चार जण प्रत्येक गावात असतात.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकते. पण या विषयाची ही अवस्था कशी झाली, आपल्याकडे शाळेत भूगोल आला कुठून, कोणी कशासाठी आणला आणि कोणी तो निवडला, याचा मागोवा घेण्यासारखा आहे. आमच्या प्रश्नपत्रिकेत एक कायमचा प्रश्न असायचा, 'भौगोलिक कारणे द्या.' आज तोच प्रश्न भूगोलाला विचारायचा आहे.

सुरुवात शब्दापासून करू. 'भूगोल' या नावातच पृथ्वी गोल असल्याचे सांगितलेले आहे. उत्तर नावातच असलेला हा बहुधा एकमेव शालेय विषय! हा शब्द आपल्या ज्योतिषग्रंथांतला. इ.स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला, त्यात गोलाध्याय नावाचा स्वतंत्र भाग आहे. पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते, या शंकेला त्यांनी दिलेले उत्तर मी दरवर्षी वर्गात सांगत असे. वर्तुळाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच दिसतो. पृथ्वी प्रचंड, माणूस लहान, म्हणून त्याला ती सपाट वाटते. पाचवीतल्या मुलालाही हे पटते. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. खानदेशातल्या त्या डोंगरकुशीत आठशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांचे ग्रंथ, म्हणजे त्यांत गोलाध्यायही आला, शिकायची सोय होती.

पण हे ज्ञान मूठभरांचे. कथाकीर्तनातून लोकांपर्यंत पोहोचला होता तो पुराणातला भुवनकोश. मध्ये मेरू पर्वत, भोवती जंबुद्वीप, त्याभोवती खारा समुद्र, मग उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्यादुधाचा. म्हणजे एकाच देशात दोन भूगोल नांदत होते, एक पंचांग करणाऱ्यांचा आणि एक कथा ऐकणाऱ्यांचा. दोघांचे कधी भांडण झाले नाही, कारण दोघांची गाठच पडत नव्हती.

ती गाठ एकोणिसाव्या शतकात पडली. यात एक माणूस मला फार मोलाचा वाटतो, पण आपल्याकडे त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. सुबाजी बापू हे ते मराठी पंडित. भोपाळजवळ सिहोरला लान्सेलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याचे म्हणणे असे की, इथल्या लोकांना नवे खगोल-भूगोल शिकवायचे असेल तर त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांच्या पायरीवरून वर न्यावे. सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये मराठीत 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' लिहिला. पुराणे काय म्हणतात, सिद्धान्त काय म्हणतात आणि कोपर्निकस काय म्हणतो, हे त्यांनी एकापुढे एक मांडून तपासले. विल्किन्सनच्याच हाताखाली शिकलेले, मूळचे पुण्याचे बापूदेव शास्त्री पुढे काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. शिक्षिका म्हणून मला ही पद्धत फार महत्त्वाची वाटते. मुलाला आधी काय माहीत आहे ते विचारा, मग पुढचे सांगा. बी.एड.ला आम्हाला हे तत्त्व परक्या नावांनी शिकवले गेले. सिहोरला एक मराठी शास्त्री ते १८३६ मध्ये करून दाखवत होता.

त्याच सुमाराला मुंबईत बाळशास्त्री जांभेकर शाळांसाठी मराठी पुस्तके लिहीत होते. १८३२ मध्ये त्यांनी 'दर्पण' काढले हे सगळ्यांना पाठ असते. १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढले हे कमी जणांना ठाऊक असते. त्यात व्याकरण, गणित, पदार्थविज्ञान यांच्या जोडीने भूगोलावरचे लेख असत, सोबत नकाशे आणि आकृत्या. आणि पुण्यात १८४८ पासून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी ज्या शाळा काढल्या, त्यांतल्या अभ्यासक्रमात गणित, व्याकरण, इतिहास यांच्या बरोबरीने भूगोल होता. याचा अर्थ जरा थांबून लक्षात घ्यावा. ज्या मुलीने वाड्याचा उंबरा एकटीने ओलांडायचा नाही असा दंडक होता, तिच्यासमोर देशांचा नकाशा उलगडला जात होता. शिकणाऱ्या मुलींवर शेण फेकणाऱ्या लोकांना अक्षरांची जेवढी भीती वाटली, तेवढीच नकाशाचीही वाटायला हवी होती. त्यांना तो नकाशा दिसला नसावा.

मराठी भूगोलाची भाषाही याच काळात बसत गेली. खाडी, घाट, खिंड, पठार, बेट हे शब्द लोकांच्या तोंडी होतेच. द्वीपकल्प, संयोगभूमी, सामुद्रधुनी, अक्षवृत्त, रेखावृत्त हे संस्कृतच्या आधाराने घडवलेले किंवा उचललेले. पहिल्या गटातले शब्द मुले घरून घेऊन येतात, दुसऱ्या गटातले घोकून येतात. शेतकऱ्याचा मुलगा काळी, तांबडी, मुरमाड, चोपण, बरड अशी जमिनीची सात-आठ नावे पायाने ओळखतो. पुस्तकात 'रेगूर मृदा' आली की तोच मुलगा खाली बघतो! हे आपलेच काळे रान आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. माझ्या मते या विषयाचे पहिले नुकसान इथे झाले. घरचा भूगोल आणि शाळेचा भूगोल यांची पुन्हा ताटातूट झाली, जशी पूर्वी सिद्धान्तांची आणि पुराणांची होती तशीच.

दुसरे नुकसान राज्यकर्त्यांच्या गरजेतून झाले. इंग्रजांना भूगोल फार हवा होता, पण तो स्वतःसाठी. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि हिंदुस्थानचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू झाले. दक्षिणेकडून वर मोजणी करत करत तो वऱ्हाड-नागपूरच्या बाजूला आला आणि जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम उत्तरेला नेले. ज्या शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले, त्याच्या उंचीची आकडेमोड करण्यात राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. १८५६ मध्ये ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. तिबेटात गोऱ्या माणसाला शिरता येईना, तेव्हा कुमाऊंमधला नैनसिंह रावत गेला. हा पेशाने शाळामास्तर! शंभर मण्यांची जपमाळ हातात, प्रत्येक शंभर पावलांना एक मणी, अशी पावले मोजत तो ल्हासापर्यंत पोहोचला. ल्हासाचे स्थान आणि उंची त्याने काढली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले.

हे सगळे मी वर्गात रंगवून सांगत असे. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोजणारे हात आपले होते, मोजमाप दुसऱ्याचे होते. साहेबाच्या कचेरीत भूगोल म्हणजे मोजणे, चढणे, नोंदणे. शाळेतल्या मुलाला मात्र भूगोल म्हणजे नावे: नद्या, राजधान्या, बंदरे, कुठे काय पिकते आणि कुठल्या बोटीने कुठे जाते. करण्याचा भाग त्यांच्याकडे, पाठ करण्याचा भाग आमच्याकडे. 'भूगोल म्हणजे पाठांतर' हा जो शिक्का बसला, त्याचे मूळ या वाटणीत आहे.

राज्य गेले तरी वाटणी लगेच गेली नाही. सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे तपशीलवार स्थलनिर्देशक नकाशे स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे 'प्रतिबंधित' होते. म्हणजे कोकणातल्या मुलाने समोच्च रेषा वाचायला शिकायच्या, तर दूरच्या कुठल्या तरी मुलुखाच्या नकाशावर; आपल्या खाडीचा, आपल्या सड्याचा नकाशा त्याला दुकानात मिळायचा नाही. २००५ च्या नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी वेगळी नकाशामाला आणली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बरेचसे निर्बंध उठले. तोपर्यंत उपग्रहावरून घेतलेले आपल्या अंगणाचे छायाचित्र परदेशी कंपनीच्या कृपेने प्रत्येकाच्या मोबाईलवर आलेले होते.

विद्यापीठांतही भूगोल उशिराच शिरला. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. पण भूगोलाचे स्वतंत्र विभाग आपल्या देशात उघडू लागले ते १९२० च्या दशकात, आधी लाहोर आणि अलीगढला. कलकत्त्यात १९४१ मध्ये शिवप्रसाद चटर्जी यांनी विभाग उभा केला. १९५६ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली राष्ट्रीय नकाशासंग्रहाची संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी देशाचा पहिला राष्ट्रीय नकाशासंग्रह हिंदीत प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूगोल परिषद दिल्लीला भरली, तेव्हा जागतिक संघटनेचे अध्यक्ष चटर्जीच होते. आपल्याकडे प्रा. सी. डी. देशपांडे यांनी १९४८ मध्ये पश्चिम भारताचा प्रादेशिक भूगोल लिहिला आणि १९७१ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी महाराष्ट्राचा. ते महाराष्ट्राचे पुस्तक माझ्या कपाटात अजून आहे, कणा उसवलेला.

भूगोलाच्या नशिबातली अडचण मात्र सगळ्या जगात सारखीच. हा विषय शास्त्राचा की कलेचा? खडक, हवा, पाणी बघावे तर शास्त्र. गावे, शेती, बाजार, स्थलांतर बघावे तर समाजशास्त्र. दोन्ही घरचा पाहुणा, म्हणून दोन्ही घरी उपाशी! अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने १९४८ मध्ये भूगोलाचे शिक्षण बंद करायचे ठरवले, तेव्हा हा विद्यापीठात शिकवण्याजोगा विषय आहे का, हीच शंका काढली गेली होती. आमच्या तालुक्याच्या गावात तीच शंका वेगळ्या शब्दांत निघायची, "यात पुढं काय?"

मी हा विषय का घेतला ते थोडक्यात सांगते, कारण त्याचा संबंध आहे. आम्हाला शिकवले होते की दख्खनचे पठार हा अतिप्राचीन, कठीण, स्थिर भूभाग. भूकंप व्हायचे ते हिमालयात, जपानात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि आमच्या घराच्या भिंतीतली माती अंगावर पडली. कोयनेचा भूकंप. तीव्रता साडेसहाच्या आसपास, सुमारे १८० माणसे गेली. जे पुस्तकात स्थिर होते ते रात्रीत हलले. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध काय, यावर जगभर चर्चा सुरू झाली. आज कराडजवळ त्याच अभ्यासासाठी केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे आणि कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल विवर खणून झाले आहे. त्या हिवाळ्यात आम्ही बरेच दिवस अंगणात झोपलो. पुढच्या वर्षी विषय भरायची वेळ आली तेव्हा घरी सर्वांना वाटत होते की मुलीने मराठी घ्यावे. मी भूगोल लिहिला. पायाखाली काय आहे ते बघायचे होते, एवढेच कारण. वडिलांनी फॉर्म वाचला, "शेतात जायचं तर त्याला पदवी कशाला?" असे म्हणाले आणि सही केली.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्याच सुमाराला मी शिकवायला लागले. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' ही व्याख्या पुस्तकात दोन ओळींची होती. पण आमचा सातारा जिल्हा म्हणजे त्या व्याख्येचे उभे चित्र. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत! वाऱ्याने सह्याद्री चढताना पाणी टाकून द्यायचे आणि पूर्वेला उतरताना रिकाम्या हाताने यायचे. खडी फोडायला जाणाऱ्या आयांची मुले वर्गात बसून हे शिकत होती. 'माणमध्ये पाऊस कमी पडतो. भौगोलिक कारणे द्या.' एका मुलाने उत्तराखाली लिहिले होते, "कारण समजले. पण आमच्या वाटचे पाणी मग कुठे जाते?" कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि जिल्ह्यातून पूर्वेला, दक्षिणेला निघून जाते, हे उत्तर त्याला नकाशावर दाखवता आले. पण त्याचा खरा प्रश्न धरणांचा, कालव्यांचा, कोणाच्या शेताला पाणी मिळते याचा होता. चांगला भूगोल तिथपर्यंत पोहोचतोच.

मग आला नवा आकृतिबंध. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली, जुनी अकरावीची एस.एस.सी. गेली आणि दहा अधिक दोन सुरू झाले. तोवर कॉलेजात होणारी निवड आता पंधरा-सोळाव्या वर्षी अकरावीच्या प्रवेशाच्या खिडकीपाशी होऊ लागली. त्या खिडकीपाशी भूगोल कोणी निवडला, ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. विज्ञानाला प्रवेश न मिळालेले. घराजवळ फक्त कला शाखाच आहे म्हणून आलेल्या मुली. प्रात्यक्षिकाचे वीस गुण पदरात पडतात म्हणून घेणारे. नंतरच्या वर्षांत स्पर्धा परीक्षांसाठी उपयोगी म्हणून घेणारे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ऐच्छिक विषय म्हणून भूगोल फार जण घेत, तिथून हे वारे गावात आले. विषय आवडतो म्हणून घेणारा वर्गात एखादाच असायचा.

पण खरे सांगू का, कारण कुठले का असेना, घेतल्यावर काय होते ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. प्रात्यक्षिकाच्या तासाला समोच्च रेषांवरून छेद काढायला शिकवताना एक क्षण हमखास येतो. कागदावरच्या त्या वेड्यावाकड्या रेषांतून अचानक डोंगर उभा राहतो. रेषा जवळजवळ आल्या की उतार तीव्र, लांब गेल्या की मंद. एकदा हे दिसले की माणूस पुन्हा कधी जमीन पूर्वीसारखी पाहात नाही. वीस गुणांसाठी आलेल्या मुलांच्या चेहऱ्यावरही मी हे पाहिले आहे. माण भागातून आलेली एक मुलगी वडिलांना वाणिज्य शाखा सांगून भूगोलाच्या वर्गात येऊन बसली होती! पुढे ती ग्रामसेविका झाली. गावातल्या बंधाऱ्याची जागा ठरवताना ओढ्याचा नकाशा तिने स्वतः काढला आणि मला दाखवायला आणला. त्यात सूची होती, प्रमाण होते, उत्तर दिशेचा बाण होता. नोकरी तिला भूगोलाने मिळाली असे मी म्हणणार नाही. बंधारा मात्र भूगोलाने योग्य जागी बसला.

आता थोडे कटू. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी शेवटची वर्षे शिकवले, तिथे मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांतच भूगोल बंद झाला. पूर्णवेळ शिक्षक नेमायचा नाही, शिक्षक नाही म्हणून मुले येत नाहीत, मुले येत नाहीत म्हणून विषय बंद. प्लेन टेबल आणि नकाशांच्या सुरळ्या अडगळीत गेल्या. त्या गावातल्या मुलांना आता अकरावीला भूगोल निवडायचा की नाही हा प्रश्नच पडत नाही. निवड वाईट असणे आणि निवड नसणे यांत फरक आहे. माझी तक्रार दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

ही तक्रार केवळ एका जुन्या मास्तरणीची हळहळ म्हणून सोडून देऊ नये, यासाठी काही तारखा पुढे ठेवते. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, पुन्हा त्याच 'स्थिर' पठारावर, हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुक्यातले माळीण. डोंगर गावावर आला, दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. जुलै २०२१, महाडजवळचे तळिये. जुलै २०२३, खालापूरजवळची इर्शाळवाडी. मुलांना भूगोल नीट शिकवला असता तर ही माणसे वाचली असती, असला दावा मी करणार नाही. तो अन्याय ठरेल. घर कुठे बांधायचे हे गरीब माणूस नकाशा बघून ठरवत नाही. जिथे जागा मिळते तिथे तो बांधतो. पण उतार किती, माती किती जाड, झाडी कुठे तुटली, पाणी कुठून झिरपते, हे प्रश्न विचारणारी पाच-सात माणसे प्रत्येक गावात असावीत की नाही? ग्रामसभेत नवीन रस्त्याचा किंवा डोंगर सपाट करण्याचा ठराव येतो, तेव्हा "वरच्या बाजूचं पाणी मग कुठून जाणार?" असे विचारणारा एखादा आवाज असावा की नाही? तो आवाज दुसऱ्या कुठल्या विषयातून तयार होणार, हे मला कोणी दाखवून द्यावे.

शाळेत भूगोल शिकवण्यामागचा हेतू प्रत्येक काळात बदलत गेला. सुबाजी बापूंना तो जुन्या-नव्या ज्ञानाची गाठ घालण्यासाठी हवा होता, फुल्यांना मुलींचे जग मोठे करण्यासाठी, साहेबाला राज्यासाठी, स्वतंत्र देशाला स्वतःची ओळख करून घेण्यासाठी. आपल्या काळाला तो नेमका कशासाठी हवा आहे हे आपण ठरवलेलेच नाही, आणि म्हणून तो चाळीस गुणांत बसून आहे. पाऊस लहरी झाला आहे, शहरे नाले बुजवून वाढत आहेत, किनारे खचत आहेत. या सगळ्याची रोज चर्चा होते. पण ज्या एका विषयात हवा, जमीन, पाणी आणि माणूस एकाच पानावर येतात, तो विषय उरलेल्यांसाठी ठेवलेला आहे.

दरवर्षी जूनमध्ये कोणी ना कोणी विचारायला येते, "बाई, नातवाला भूगोल घेऊ देऊ का?" मी त्यांना नोकरीचे आश्वासन देत नाही. नकाशांचे काम आता संगणकावर होते, त्यात संधी आहेत, पण त्या शोधाव्या लागतात हे सांगते. आणि मुलाला एक काम देते. आपल्या घरासमोर पावसाचे जे पाणी पडते, ते कुठल्या ओढ्याला, तिथून कुठल्या नदीला आणि शेवटी कुठल्या समुद्राला मिळते, ते चालत जाऊन निदान पहिल्या ओढ्यापर्यंत बघून यायचे आणि कागदावर काढून आणायचे. साताऱ्यातले बहुतेक पाणी पूर्वेला बंगालच्या उपसागराला जाते. समुद्र पश्चिमेला इतका जवळ असून! हे काढून आणताना ज्या मुलाला "असं का?" हा प्रश्न पडतो, त्याने भूगोल जरूर घ्यावा. ज्याला तो पडत नाही, त्याने दुसरे काहीही घ्यावे, आमची हरकत नाही. बहुतेकांना पडतो, असा माझा अनुभव आहे.